दस्तगीर सोमवारी कॉमेडीच का बघायचा

कॉमेडी पिक्चर चांगलं का वाईट, हे आमच्या फौंड्रीत पेपर वाचून कोण ठरवत नव्हतं. मोबाईलवर स्टार बघूनबी न्हाय. दस्तगीर मुल्लाणी काय म्हणतो ते खरं. शिरोली एमआयडीसीला सोमवारी सुट्टी. सोमवारी दस्तगीर पिक्चर बघणार, मंगळवारी रात्रपाळीला येणार, आणि बुधवारी सकाळी सातला पाळी सुटली की गेटाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर त्याचा निकाल. दहा-पंधरा माणसं कप धरून हुबी असायची. कोणतरी विचारायचं, "काय दस्तगीरभाई, किती?"

"दोन हशे," तो म्हणायचा.

झालं. त्या पिक्चरला मग आमच्यातलं कोण फिरकायचं न्हाय. पाच हशे म्हणला की पुढच्या सोमवारी बायकापोरांसकट सगळी लाईनीत. हशा म्हंजे काय, तर आख्खं थेटर एका दमात, मोठ्यानं, पोटातनं हसलं पायजे. गालातल्या गालात हसलेलं धरायचं न्हाय. पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या चार पोरी खिदळल्या तर तेबी न्हाय. हशा उठला पायजे आणि थोडा वेळ टिकला पायजे. बोटावर मोजायचा गडी.

आणि मतं किती! ते भुताचं पिक्चर आलतं, सोसायटीच्या लिफ्टमध्ये भूत अडकतं ते. त्याबद्दल म्हणला, "भूत बरं हाय, पर मागं ढोल एवढा बडवलाय की हसायचं कुठं तेच कळंना." चार मित्र चुकीच्या लग्नात जाऊन जेवतात ते? "सगळे जोक ट्रेलरमध्येच दाखवून बसल्यात. थेटरात माणसं हसत न्हाईत, 'हे बघितलंय' म्हणतात." सरपंचाची म्हैस हरवती त्या मराठी पिक्चरवर तर तो खवळलाच होता. "हल्लीच्या कॉमेडीवाल्यांना हसवायची लाज वाटती. इंटरव्हलपातूर हसवतात, आणि मग हिरोच्या बापाला उचलून दवाखान्यात घालतात. पुढं तासभर नुसतं भाषण आणि रडारड. अरे, आम्ही काय रडायला तिकीट काढलंय व्हय?"

एकदा म्हणला, "लोकं मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचं बघून बघून अर्ध्या मिनिटाचंच हसाय लागल्यात. पूर्वी हशा उठला की खाली बसाय वेळ लागायचा. आता उठला की बसला." आम्ही माना डोलवल्या. काय अभ्यास हाय म्हणलं ह्या माणसाचा! माझ्यासकट सगळी खुळी.

मी बाळासो चौगले. त्याच फौंड्रीत डिस्पॅचला, म्हंजे तयार माल ट्रकात भरायचं काम, उघड्यावरचं. दस्तगीर फेटलिंगला. भट्टीचं लोखंड साच्यात ओतून गार झालं की वाळूतनं फोडून काढायचं, आणि त्याला चिकटलेली वाळू, वर आलेल्या कडा ग्राइंडरवर घासून काढायच्या, त्याला फेटलिंग म्हणतात. तिथं दिवसाबी अंधार वाटायचा एवढी धूळ. सतरा वर्षं त्यानं तेच केलं. तोंडाला बांधायला ठेकेदार जे कापड द्यायचा त्यातनं पीठसुद्धा चाळलं गेलं असतं. पाळी सुटल्यावर भुवया झटकून, हातपाय धुऊन, डोक्याला तेल लावून तो चहाला यायचा. उंच, हाडकुळा, दाढी नीट कातरलेली. शिवी कधी ऐकली न्हाय त्याच्या तोंडातनं, आणि शिरोलीत शिवी न देणारा माणूस म्हंजे काय ते समजा की तुम्हीच.

घर कसबा बावड्यात, दोन खोल्यांचं. बायको सलमाभाभी शाळेत पोरांची खिचडी शिजवायला जायची. एकच पोरगी, नुजहत. ती मिरजेला नर्सिंगला होती, हॉस्टेलवर. दस्तगीरचं सगळं चित्त तिच्यावर. "हिचं शिक्षण पुरं झालं की सुटलो बाळासो," तो म्हणायचा. "तवर मला काय होऊन चालत न्हाय." हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असंल. सगळेच बाप असं म्हणतात म्हणून सोडून दिलं.

पिक्चरचा नाद त्याला आधी नव्हता. लागला तो चार वर्षांपूर्वी, एकदम. एका सोमवारी मीच म्हणलं, चल, मीबी येतो. मॉलमधल्या थेटरात गेलो. मी म्हणलं सकाळचा शो घेऊ, मोकळं असतंय, पाय पसरून बसू. तर गडी ऐकंना. संध्याकाळचाच पायजे, आणि शेवटच्या रांगेत न्हाय, मधी, गर्दीत. "कॉमेडी एकट्यानं बघायची चीज न्हाय," म्हणला. बरं म्हणलं, तुझं खरं.

पिक्चर चाललं होतं. नवरा बायकोपासनं दुसरा मोबाईल लपवतो आणि तो सासऱ्याच्या धोतरात वाजाय लागतो, असला कायतरी प्रकार. थेटर फुटलं हसून. मीबी फुटलो. शेजारी बघतोय तर दस्तगीर खुर्चीत दोन घड्या होऊन गुडघ्यावर वाकलेला, तोंडावर रुमाल, खांदे गदागदा हलत्यात. हसणं ओसरलं तसा तो हळूहळू वर आला. डोळ्यातनं पाणी, मान लाल झालेली. मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "मर्दा, मरशील की हसून!" म्हणलं. तो मान हलवत राहिला, बोलाय जमंना त्याला.

बुधवारी सकाळी मी सगळ्या फौंड्रीला ॲक्टिंग करून दाखवली, दस्तगीर कसा हसतोय त्याची. खांदे हलवून, रुमाल लावून. माणसं लोळली हसून. तोबी हसला, ओठ मिटून.

आता फोटोचं सांगतो. छातीचा फोटो. वर्षातनं एकदा, दिवाळीच्या आधी, फौंड्रीत तपासणीची गाडी यायची. ठेकेदाराची सगळी माणसं लाईनीत हुबी करायची, नाव पुकारायचं, गाडीत चढायचं, शर्ट काढून पाटीला छाती लावायची, श्वास धरायचा, खटक, चला पुढं. आठ दिवसांनी कागद यायचा. ज्याच्या फोटोत डाग, त्याचं कार्ड दुसऱ्या दिवशी गेटवर मिळायचं न्हाय. "बरं झालं की या," म्हणायचा ठेकेदार. फेटलिंगचा हंबीरराव असाच गेला. बरा झाला न्हाय, परत आला न्हाय.

तीन वर्षांपूर्वी गाडी आली त्या सकाळी दस्तगीर मला वजनकाट्यामागं घेऊन गेला. "बाळासो, थोडा खोकला हाय. मोसमाचाच हाय. पर उगंच फोटोत कायतरी दिसायचं आणि माझं कार्ड जायचं. माझ्या नावावर तू हुबा ऱ्हातोस काय?"

मी इचारसुद्धा केला न्हाय. दोस्तीत काय इचार करायचा? मी म्हणलं, "एवढंच व्हय? फोटोत तोंड कुठं येतंय लेका!" माझ्या नावावर एकदा चढलो, खाली आलो, शर्ट बदलला, टोपी घातली, आणि 'दस्तगीर मुल्लाणी' म्हणल्यावर दुसऱ्यांदा चढलो. फोटो काढणाऱ्यानं वरसुद्धा बघितलं न्हाय. आमच्यात हे होतंच. ह्याच्या जागी तो, त्याच्या जागी हा. कोणाला पाप वाटत नव्हतं. उलट जो हुबा राहील तो खरा दोस्त, असं मानायची पद्धत. कागद आला. दस्तगीरची छाती एकदम साफ. संध्याकाळी त्यानं मला मिसळ चारली.

पुढच्या वर्षी परत तेच. तवा तर मी चेष्टाच केली. "माझ्या छातीला दोन मालक झाले," म्हणलं.

मग उन्हाळ्यात ते पिक्चर आलं. क्रिकेटचे दिवस, नवीन कायच लागलेलं नव्हतं. एकच कॉमेडी, तीबी तिसऱ्या आठवड्यातली. मी म्हणलं जाऊ दे आज, तर तो म्हणला, न्हाय, जायाचंच. थेटरात मोजून बारा माणसं. पिक्चर असलं मुडदुशी की पडद्यावरची माणसं स्वतःच हसत होती. आणि इंटरव्हलनंतर झालंच ते, हिरोचा बाप पलंगावर, नळ्या लावलेल्या, हिरो पायाशी बसून भाषण देतोय. थेटरात एवढी शांतता की एसीचा आवाज यावा. दस्तगीर वळवळाय लागला. रुमाल तोंडात कोंबला. मी म्हणलं, काय झालं? आणि तो खोकला फुटला. खोकला कसला तो! कोरडा, खोल, थांबतच न्हाय. मागनं कोणतरी वरडलं, "ओ काका, बाहेर जावा की!" दुसरा म्हणला, "टीबी बिबी हाय काय बघा." दस्तगीर अंधारात धडपडत उठला, मी मागं.

जिन्यात बसला. दहा मिनिटं त्याला दम घेता आला न्हाय. रुमाल उघडला तर लाल ठिपके. "हे कवापासनं?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं. खालच्या आवाजात, गुन्हा कबूल करावा तसं. खोकला दोन वर्षांपासनं होता. सहा दिवस काळजी न्हाय, ग्राइंडर चालू असला की शेजारच्यालाबी ऐकू जात न्हाय. म्हणून तर त्यानं कायमची रात्रपाळी मागून घेतलेली, दिवसा सलमा शाळेत, घर मोकळं. बाकीच्या वेळी न्हाणीत नळ सोडून खोकायचा. पर सोमवारी ग्राइंडर बंद. सोमवारी सलमा संध्याकाळी घरात. दोन खोल्यांत खोकला लपवायचा कुठं?

"थेटरात हशा उठला की मी खोकून घेतो," तो म्हणला. "एक मोठा हशा गावला की दोन तास निघतात."

मी जिन्यातच खाली बसलो. म्हंजे दोन हशे, पाच हशे, लांब हशा, अर्ध्या मिनिटाचा हशा, आणि आम्ही गाढवं पिक्चरची मतं म्हणून ऐकत होतो! त्या पिक्चरवाल्यांना काय माहीत, शिरोलीचा एक माणूस त्यांच्या फालतू जोकवर श्वास घेतोय ते. मला त्याचा एवढा राग आला की मी त्याला शिव्या घातल्या. म्हणलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं चल. भाभीला सांग. तो हात जोडाय लागला. "बाळासो, नुजहतची दोन वर्षं राहिल्यात. सलमाला कळलं तर ती मला एक दिवस कामावर जाऊ देणार न्हाय. फोटो निघाला तर ठेकेदार जाऊ देणार न्हाय. दोन वर्षं, भावा. पोरगी नर्स झाली की तीच मला बरं करंल."

आणि मी गप्प बसलो. नुसता गप्प बसलो न्हाय. ऑक्टोबरात परत गाडी आली, आणि परत दस्तगीर मुल्लाणी म्हणून मी चढलो. पहिल्या दोन वेळी मला माहीत नव्हतं, हे मी कुणालाबी सांगू शकतो. तिसऱ्या वेळी माहीत होतं. श्वास धरा म्हणला तो, आणि मी चांगला छाती भरून धरला.

गेल्या जूनमध्ये दस्तगीर ग्राइंडरवरच कोसळला. दवाखान्यात खरा फोटो निघाला. डॉक्टरनं सलमाभाभीला दाखवला, दोन्ही बाजू पांढऱ्या, वाळूचे खडे भरल्यासारख्या. फौंड्रीतल्या धुळीचा आजार, म्हणला, बरा होणारा न्हाय. पर कामातनं झालाय, तवा कामगार विम्याकडनं पेन्शन बसंल, अर्ज करा. हंबीररावला बसलंयच की. त्याचा डाग फोटोत आलता, कार्ड गेलं, पर तोच कागद घेऊन तो विम्याच्या डॉक्टरांच्या बोर्डापुढं गेला आणि आता घरात बसून त्याची चूल चालती. तवा आम्ही त्याला बिचारा म्हणलो होतो.

नुजहत शेवटचं वर्ष अर्ध्यात टाकून बापाजवळ येऊन बसली. ऑक्सिजनचं यंत्र, औषधं, सगळं तीच बघायची. पेन्शन बसलं की परत मिरजेला जायचं, असं ठरलं होतं. सगळं त्या एका अर्जावर.

बोर्डापुढं न्यायला मी गेलतो, कारण जिना चढायला त्याला धराय लागायचं. आत तीन डॉक्टर. मी दारात हुबा. एका डॉक्टरनं दोन फोटो उजेडाला धरले. "हा ऑक्टोबरचा. पूर्ण स्वच्छ. हा जूनचा. आठ महिन्यांत फुफ्फुसात एवढी वाळू साचत नाही, त्याला वर्षं लागतात. त्याच्या आधीचे दोनही स्वच्छ." मग चष्मा काढून त्यानं सरळ विचारलं, "मुल्लाणी, हे आधीचे फोटो तुमचेच ना?"

दारातनं माझा पाय पुढं पडला न्हाय. माझी नोकरी, माझी दोन पोरं, खोटेपणाची केस, सगळं एकदम डोळ्यापुढनं गेलं. दस्तगीरनं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय.

"माझेच साहेब," तो म्हणला.

रिक्षात मी विचारलं, का म्हणलास? त्याला बोलायला दम लागत होता. एक एक शब्द टाकत म्हणला, "दोघांच्या चुली कशाला इझवायच्या?" अर्ज नामंजूर झाला. आजार कामामुळं झाल्याचा पुरावा न्हाय, असं लिहून आलं. अपिलाला तीन महिन्यांची मुदत होती.

दस्तगीर डिसेंबरात गेला. शेवटचे पंधरा दिवस बसूनच झोपायचा. मला बघितलं की हात वर करायचा, एवढंच.

चाळिसावा झाल्यावर मी बावड्याला गेलो. अपिलाचे सोळा दिवस राहिलते. मनाशी ठरवून गेलतो की सांगायचं, आणि चहा पिऊन न सांगताच उठलो असतो, हेबी मला माहीत होतं. सलमाभाभीनं कपाटातनं पिवळं पाकीट काढलं. त्यात तीन काळे फोटो.

"हे बघा बाळासो भाऊ," ती म्हणली. "पडायच्या आधीच्या ऑक्टोबरपातूर त्यांची छाती अशी होती. मी कुणाकुणाला दाखवत फिरती. एवढ्या साफ छातीला आठ महिन्यांत काय झालं, सांगा की कोणतरी! मला वाटतंय माझ्याच चुलीचा धूर. थंडीत गॅस संपलता तवा मी महिनाभर लाकडं जाळली घरात. माझ्यामुळंच झालं हे." ती रडत नव्हती. तिनं हे इतक्यांदा मनात म्हणलं होतं की आता ते पाठच झालं होतं. नुजहत दाराच्या चौकटीला टेकून हुबी होती. तिनं फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. नर्सिंग शिकलेली पोरगी, तिला कायतरी उमगलं असावं.

बाई स्वतःला खात होती आणि मी तिच्या हातचा चहा पीत होतो. थू माझ्या जिंदगानीवर.

"भाभी," मी म्हणलं, "ती छाती माझी हाय."

तिला कळायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं. शर्ट, टोपी, तीन वर्षं. तिनं फोटो माझ्या हातातनं काढून घेतले, नीट पाकिटात घातले.

"मग त्यांचे कुठं हायत?"

"काढलेच न्हाईत."

"तीन वर्षं त्यांची छाती कुणी बघितलीच न्हाय?"

"न्हाय."

मला वाटलं आता ती मला घराबाहेर काढंल. काढायलाच पायजे होतं. ती म्हणली, "उद्या दहाला ऑफिस उघडतं. मी येती. तुम्ही बोलायचं."

विम्याच्या ऑफिसात आमच्यापुढं एक म्हातारा क्लार्क होता. भला माणूस. माझं ऐकून त्यानं पेन खाली ठेवलं आणि सलमाभाभीलाच सगळं समजावून सांगितलं. "ताई, हे लिहून घेतलं तर ह्यांच्यावर केस होईल, नोकरी जाईल, ते ह्यांचं ह्यांनी बघावं. पण तुमच्या मालकांनीही खोटेपणा केला, असं कागदावर येईल. बोर्ड म्हणेल, ज्यानं फसवलं त्याला कसलं पेन्शन. मिळेलच असं सांगता येत नाही. माणूस गेला, आता त्याच्या नावाला डाग लावून घ्यायचा का, बघा बाई."

सलमाभाभीनं डोक्यावरचा पदर नीट केला. "लिहा साहेब," ती म्हणली. "खोटं बोलले ते. पर ते आजारी होते, हे कुठंतरी लिहून घ्या."

त्यानं कागद ओढला. माझं नाव, गाव, काम. किती वेळा त्यांच्या जागी उभे राहिलात. मी एकेक सांगत गेलो, तो लिहीत गेला. मग त्यानं भाभीला विचारलं, "खोकला कधीपासून होता?"

"गेल्या जूनपासनं," ती म्हणली. "पडले तवापासनं."

क्लार्क 'जून' लिहायला लागला. जूनच लिहिलं असतं तर अपील तिथंच मेलं असतं. मी म्हणलं, "साहेब, थांबा. चार वर्षं."

ती माझ्याकडं वळली. "चार वर्षं? मला कसं ऐकू आलं न्हाय मग? घरात मी असायची की."

"घरात खोकायचा न्हाय भाभी. कामावर ग्राइंडरजवळ, न्हाणीत नळ सोडून, आणि सोमवारी थेटरात. लोकं हसायला लागली की त्यात."

तिनं तोंडाला पदर लावला. दस्तगीर गेल्यावर चाळीस दिवसांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं, आणि आत्ताबी ती रडली न्हाय. मग ती माझ्याकडं न बघताच बोलली.

"दर सोमवारी मी त्यांच्या शर्टाला इस्त्री करून द्यायची," ती म्हणली. "म्हणायची, जावा, आठवडाभर राबताय, जरा हसून या."

क्लार्कनं 'जून' खोडलं आणि वर 'चार वर्षे' लिहिलं.